बुडाला डांबर लावलेली मोटार

"ही मोटार आहे की मचवा?" असं साहेब ओरडले, तेव्हा कचेरीच्या आवारातले सगळे कावळे उडाले. माझ्या माहितीप्रमाणे त्यांतला एकही अजून परतलेला नाही.

साहेब म्हणजे मोटारी तपासून नोंदणी करणारे अधिकारी. माझ्या नव्या कोऱ्या गाडीखाली ते ओणवे झाले होते. सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उमटला की नोंदणी. पण नंबराच्या जागी बोटभर डांबर होतं, आणि डांबरावर मुशी माशाचं तेल. त्या वासावर पनवेलपासून निदान सोळा मांजरं आमच्या मागे धावत आली होती.

हा प्रताप माझ्या ड्रायव्हरचा, तांडेलमामांचा. पनवेल बंदरात तीस वर्षं त्यांनी मचवा हाकला. पुढे माल ट्रकांनी जायला लागला, बंदर थंडावलं, तेव्हा पन्नाशीत मामा मोटार शिकले. शिकले म्हणजे काय, मोटारीलाच त्यांनी मचव्याच्या रीतीभाती शिकवल्या. स्टिअरिंगला ते सुकाणू म्हणत. निघण्याआधी बोट ओलं करून वारा बघत. हॉर्न वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटे. खिडकीतून तेच हाळी देत, आणि ती ऐकून उरणच्या लोकांना वाटे, गाडी पोचली.

उलटी गाडी घेणं त्यांना मंजूर नव्हतं. "तांडेल मागं नाय सरकत" असं म्हणून चार हात मागे यायला ते अख्ख्या वडाळे तलावाला वळसा घालत. एकदा एका म्हातारबुवांना हाच वळसा तीन वेळा पडला. त्यांनी उतरून मामांना नमस्कार केला. प्रदक्षिणा फुकटात झाली म्हणून.

पण त्यांचं मुख्य सांगणं एकच होतं. "बूड सांभाल. वरचा काय, आपोआप सांभालतो." खाडीचा खारा वारा आमच्याकडे लोखंड जेवतो, हे पनवेलकरांना मी काय सांगू? आमच्या आळीतल्या डॉक्टरांच्या गाडीचा तळ असा गळून पडला की चढावर डॉक्टर आणि पेशंट दोघेही आतून पळत असत. नवा मचवा कोणी डांबराशिवाय पाण्यात लोटत नाही, मग नवी मोटार वाऱ्यात कशी लोटायची? आम्ही पुढे नारळ फोडत होतो, तेव्हा गाडीखालून मामांचे फक्त पाय दिसत होते. मला वाटलं, साष्टांग घातलाय. मी आणखी दोन फुलं त्यांच्या पायांवर टाकली.

आता कचेरीत ती फुलं माझ्या डोळ्यांपुढे नाचत होती. या गाडीसाठी नाव नोंदवलं तेव्हा मी ब्रह्मचारी होतो. गाडी हाती आली तेव्हा माझा मुलगा तिचा हॉर्न दाबत होता. आईच्या पाटल्या तिच्यात गेल्या होत्या. आणि टॅक्सीच्या परवान्याची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. तोवर नोंदणी झाली नाही, तर परवाना यादीतल्या पुढच्या माणसाला. मी चारचौघांत म्हणालो, "होडी हाकणाऱ्याच्या हाती मोटार दिली, ही माझीच अक्कल."

मामांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून रॉकेल आणलं, डोक्याचं फडकं सोडलं आणि भर उन्हात गाडीखाली शिरले. फडकं संपलं तेव्हा नखं लावली. साहेब दर पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन घड्याळ बघायचे, मी साहेबांचं तोंड बघायचो. पाचला दहा कमी असताना मामा बाहेर आले, ते नुसते दोन डोळे आणि काही दात. साहेबांनी नाकाला रुमाल लावून पेन्सिल घासली, कागद उजेडात धरला आणि शिक्का मागवला.

नोंदणी झाली, परवाना वाचला. येताना मामांची माफी मागायचं मला धैर्य झालं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत गाडीने बहिणीचं लग्न लावलं, मुलं शिकवली, आईच्या हातात नव्या पाटल्या घातल्या. मामांची नजर अधू झाली, तसे ते गावी जाऊन जाळी विणू लागले. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने खाली सरपटत जाऊन तळ स्क्रू-ड्रायव्हरने टोचून टोचून पाहिला. बाहेर येऊन म्हणाला, गंजाचा ठिपका नाही, गाडी कुठे देशावर होती काय?

त्याच दिवशी मी मामांच्या गावी गेलो. ते ओट्यावर जाळं घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. तुमच्या डांबरावर माझं घर उभं राहिलं म्हणालो, आणि अखेर ते नऊ वर्षं गिळलेलंही काढलं. "मामा, त्या दिवशी कचेरीत मी तुम्हाला नको ते बोललो."

मामांनी जाळ्याची गाठ ओढून बघितली.

"मागच्या मडगार्डाला डांबर पुरला नव्हता," ते म्हणाले.