निळी फळी

माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर एक निळी फळी टाकलेली आहे. अर्धीच आहे. तिच्यावर कोंबड्या घाण करतात, ती मी कधी धूत नाही. इतकी वर्षं झाली, तरी ती दिसली की माझं डोकं तापतं.

आमचं गाव जनवाड्याच्या पुढं, मांजरा नदीच्या काठाला. गावची अर्धी शेतं नदीपार आहेत. पावसाळ्यात पाणी वाढलं की खुरपायला जाणाऱ्या बाया बिंड्यावर छाती टेकून, पाय मारत पलीकडं जायच्या. बिंडा म्हणजे पांगाऱ्याच्या लाकडाची जाड फळी. भेंडासारखी हलकी असते.

ते बिंडे अप्पा करायचे, माझे वडील. लाकूड वर्षभर सावलीत आढ्याला टांगून ठेवायचे. उन्हात वाळवलं तर ते चिरतं. मग तासायचं, आणि पिईल तितकं करडीचं तेल पाजायचं. माप घेतल्याशिवाय त्यांनी कुणाला बिंडा दिला नाही. पण बायांचं माप ते कसं घेणार? चौथी झाली आणि माझी शाळा सुटली, तेव्हापासून ते काम माझं, त्यांच्या लेकीचं, झालं. छातीभर पाण्यात बाईला कच्च्या फळीवर पालथं झोपवायचं, फळी किती बुडते ते बघायचं आणि तिथं खिळ्यानं रेघ ओढायची. त्या रेघेवरून अप्पा ठरवायचे, किती लाकूड ठेवायचं आणि किती काढायचं. बाईला दिवस गेले की पुन्हा माप, नवा बिंडा. एकेक बिंडा दहा-दहा पावसाळे चालायचा.

आम्ही बौद्ध. वरच्या आळीच्या बाया काठावर मला लांब उभं राहायला सांगायच्या आणि पाण्यात माझाच खांदा गच्च धरायच्या. मी मान खाली घालून रेघ ओढायचे. चार माणसांत तोंड उघडायची मला लाज वाटायची.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी गावात ट्रक आला. त्यात बिंड्यांच्या जागी वापरायला सरकारनं धाडलेल्या, कारखान्यातल्या बारा फळ्या होत्या. निळा रंग, वर पांढरे आकडे. बाराच्या बारा एका मापाच्या. फळ्या वाटायला आलेला साहेब अप्पांना म्हणाला, "काय म्हातारबुवा, आता तुमचं दुकान बंद!"

अप्पांनी फळीवर बोटानं टकटक केलं. "पोकळ हाय की, साहेब."

"मग? हलकी नको का?"

"हलकी पाहिजे, पोकळ न्हाई. आन् समद्या बाया एकाच मापाच्या हायत व्हय?"

सरपंच हसले. "अप्पा, तू काय बायांची चोळी शिवायलास का?"

सगळे हसले, बायासुद्धा. अप्पा तिथून उठून गेले.

संध्याकाळी नदीवर भांडी घासायला गेले तेव्हा मी काठावरची एक फळी पाण्याखाली दाबून धरली. पुढच्या टोकाला दोरीची कडी स्क्रूनं बसवलेली होती. त्या कडीपासून बुडबुडे निघाले. बारीक, एकामागून एक. म्हणजे आतली हवा बाहेर येत होती आणि पाणी आत जात होतं. मी बघितलं, फळी परत काठावर ठेवली आणि घरी आले. अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "माझं कोण ऐकतंय? तू बायांना सांग." मी सांगितलं नाही. त्या मला हसतील असं वाटलं.

बायांनी त्याच आठवड्यात जुने बिंडे चुलीत घातले. तेल प्यायलेलं लाकूड, भडाभडा पेटलं. वरच्या आळीतल्या एकीनं तर त्यावर पुरणाचं पातेलं चढवलं होतं.

माझ्या भावाच्या बायकोला तेव्हा सहावा महिना होता. तिचा जुना बिंडा तिला पुरत नव्हता, नवा अजून तेल पीत पडला होता. त्या निळ्या फळ्यांतली एक घेऊन ती निघाली. मी हळूच म्हणाले, "वैनी, नगं. त्यात पाणी जातंय."

"तुला अप्पाचं दुकान दिसायलंय, दुसरं काय न्हाई," ती म्हणाली आणि हसत पाण्यात शिरली.

मी माझ्या बिंड्यावर, तिच्या मागोमाग. मधल्या धारेत फळीचं पुढचं टोक खाली गेलं. मी वैनीला माझ्या बिंड्यावर ओढलं. तो एकटीच्या मापाचा. दोघींच्या वजनानं बुडाला, पण पाणी हनुवटीपर्यंतच आलं. आम्ही वाहत गेलो आणि खाली बाभळींच्या झुडपात अडकलो. काट्यांनी तिचे दंड फाटले. पोटातलं पोर वाचलं. निळी फळीही मागोमाग वाहत आली, एक टोक पाण्यात आणि एक वर, मेलेल्या माशासारखी.

साहेब चार दिवसांनी आला. कागदावर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, की बाईचं वजन जास्त असल्यामुळं असं झालं. सरपंच म्हणाले, "जाऊ द्या. काय झालं तर न्हाई ना."

काय झालं नाही! वैनी आमच्या दारात दंडाला हळद लावून बसली होती आणि हे तिच्याच समोर म्हणत होते. मी आत जाऊन अप्पांची कुऱ्हाड आणली. माणसांत यायला लाजणारी मी, पदर खोचला आणि सगळ्यांपुढं ती फळी मधोमध फोडली. आतून गढूळ पाणी सांडलं. आत खोक्याच्या लाकडाच्या पट्ट्या होत्या, डिंकानं चिकटवलेल्या, आणि त्या हातानं सुटत होत्या.

"हे वजन वैनीचं हाय का?" मी म्हणाले.

"सरकारी माल फोडला," साहेब म्हणाला आणि तेही कागदावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाया आमच्या दारात आल्या. माप घे म्हणाल्या. अप्पांनी आढ्याकडं बोट केलं. वाळलेलं लाकूड दोघींपुरतं होतं, बाकीच्यांना पुढचा पावसाळा. त्या वर्षी नदीपारची शेतं तणानं भरली आणि बाया घरी बसल्या.

मी वैनीला अडवलं होतं हे कळल्यावर, जिनं पुरणाचं पातेलं चढवलं होतं, तीच माझ्यावर कडाडली. "तुला म्हाईत होतं तर तवाच कामून बोलली न्हाईस गं?"

तिचा राग यावा असंच होतं, आणि मला तो आला. मी मोठ्यानं म्हणाले, "चल पाण्यात, माप घेते. आन् काठावरसुद्धा माझ्याजवळच उभी राहा." ती आली, जवळ उभी राहिली. मी तिच्या फळीवर रेघ ओढली, पण त्या हसतील म्हणून मी बोलले नव्हते, हे तिला तेव्हा सांगितलं नाही. आजही नाही.