साक्षीला थोरली माणसं

आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मागच्या दोन खोल्या आत्याला ठेवायच्या होत्या. जागा आणि बांधकाम त्यांच्या नोकरीच्या पगारातलं, वडिलोपार्जित नव्हे. नवऱ्यानं सोडल्यावर आत्या वेल्ह्याहून उत्रोलीला परत आली, तेव्हापासून ती तिथंच राहत होती. दवाखान्यातून घरी आल्या आल्या आबांनी मृत्युपत्राचा विषय काढला. त्यांच्यामागं खोल्यांवर माझ्या वडलांचाही हिस्सा लागेल आणि आत्याला छपरासाठी भावाच्या मर्जीवर राहावं लागेल, ही त्यांची धास्ती.

वडील दुखावले. "म्या काय तिला भाईर काढनार हाय का?" एवढं म्हणाले आणि त्यांनी आबांशी बोलणं टाकलं.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून भोरच्या वकिलांकडं मला पाठवलं. वकिलांनी मजकूर करून दिला आणि समजावलं की दोन साक्षीदार लागतील, खोल्यांशी संबंध नसलेले. आबांनी त्यांच्यादेखत सही करायची, मग त्यांनी आबांच्या समोर. आणि शक्यतो तरणे बघा, उद्या वाद झाला तर कोर्टात त्यांनाच सांगावं लागतं.

मी घरी पोचले तेव्हा साक्षीदार येऊन बसलेही होते. वाटणी असो की सोयरीक, आमच्याकडं वयानं थोरली माणसंच बसवतात. हे दोघं तर आबांहून मोठे. एकाला धाप लागत होती, दुसऱ्याला हात धरून आणलं होतं.

आबांनी पेन उचललं. वडील दारात पाठमोरे उभे. आत्या आत होती, तिच्या बांगड्यांचाही आवाज येत नव्हता. मी वकिलांचं बोलणं अडखळत, जमेल तितकं फिरवून सांगितलं.

धाप लागलेले बाबा माझ्याकडं बघत राहिले.

"म्हंजे आमी टिकनार न्हाई, आसं म्हन की सरळ."

मला मान वर करता येईना.

"कालेजात हेच शिकिवत्यात व्हय?" दुसरे म्हणाले. मग स्वतःच हसले आणि आबांकडं वळले. "पोरगी खोटं न्हाई बोलत. आपली तिघांची गाडी एकच हाय."

आबा हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. आता हे राहिलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात वडील बाहेर पडले. चपला घातल्याचा आवाज आला.

ते परतले तेव्हा सोबत शेजारची सून होती आणि पिठाच्या गिरणीवाला, हात अजून पांढरे. वडलांनीच दोघांना बोलावून आणलं होतं. आबांनी पेन पुन्हा उचललं, तेव्हा कागद हलू नये म्हणून वडलांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. आबांची सही झाली, मग त्या दोघांची.

आत्या सगळ्यांना चहा घेऊन आली. वडलांनी कप घेतला नाही. ती ट्रे धरून त्यांच्यापुढं उभीच राहिली.

"दादा, खोल्या मिळाल्या. आता तू येनार न्हाईस का तिकडं?"

वडलांनी हात पुढं करून कप घेतला.