लेकीच्या कोऱ्या दंडाची भीती

लेक तीन महिन्यांची असताना सासू-सासरे कळवणहून आमच्याकडे देवळाली कॅम्पला आले. सासऱ्यांचा खोकला महिनाभर हटत नव्हता, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. तोवर ते दिवसभर नातीला मांडीवर घेऊन बसायचे.

चौथ्या दिवशी थुंकीचा रिपोर्ट आला. टीबी.

लेकीला उचलून मी आतल्या खोलीत गेले आणि झबल्याची बाही वर केली. जन्मल्याबरोबर तिला डाव्या दंडावर टीबीचीच लस दिली होती, बीसीजी. त्या लसीचा व्रण माझ्या दंडावर आहे, नवऱ्याच्याही आहे. तिचा दंड मात्र कोरा. तिथे फोड आला नाही, पिकला नाही, म्हणून तेव्हा मी खूश झाले होते!

सासूबाई मागून आल्या. दंड बघून म्हणाल्या, "डाग नाय उठला म्हणजे लस लागलीच नाय गं."

मोबाइलवर वाचलं, तर व्रण उठलेली बाळं एकंदरीतच कमी आजारी पडतात म्हणे. पुढे वाचवेना.

बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तसं काही ठिकाणच्या अभ्यासांत दिसलंय खरं. पण व्रण नाही म्हणजे लस वाया गेली, असं नसतं. पुन्हा द्यायचीही गरज नाही."

"मग हिला काही होणार नाही ना?"

"ते तपासून सांगतो."

एक्स-रे काढताना तिचे दोन्ही हात मीच वर धरले होते. ती किंचाळत होती आणि मला फक्त तिची वर-खाली होणारी एवढीशी छाती दिसत होती. संध्याकाळी रिपोर्ट मिळाला.

छाती स्वच्छ निघाली. तरीही खबरदारी म्हणून सहा महिने रोज औषध द्यायचं ठरलं. गोळी कुटून पाण्यात कालवायची. तिनं थुंकली की माझा जीव घाबरा व्हायचा.

सासऱ्यांनी स्वतःच बाहेरची खोली धरली. तोंडावर मास्क लावून खिडकीशी बसायचे. एकदा दाराआडून म्हणाले, "मी लय घेतली गं तिला. माहीत नव्हतं मला." राग त्यांच्यावर नव्हता, पण दार मी उघडलं नाही.

औषधं पूर्ण करून ते बरे झाले, गावी गेले. लेक आता दोन वर्षांची आहे, धडधाकट आहे. तरी साधी सर्दी झाली की मी तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकत राहते.