आजोबांचा रिलीव्हर

भोसरीच्या वर्कशॉपात लेथ चालवता चालवता धम्मरत्न मनात दुसरं महायुद्ध लांबवायचा, आणि शिफ्ट बदलताना आपल्या जागी येणाऱ्या किसनला पुढचा भाग ऐकवायचा. त्याच्या गोष्टीत साठ साल उजाडलं तरी युद्ध चालूच होतं आणि त्याचे आजोबा ब्रह्मदेशात पहाऱ्यावर उभे होते. खरे आजोबा तिथून कधी परतलेच नाहीत.

“संपव की राव ते डोंबलाचं युद्ध!” किसन एकदा वैतागला.

“कसं संपवू? आजोबांचा रिलीव्हर कुठं आलाय? बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येते का?”

रोज अर्धा तास उशिरा येऊन धम्मरत्नला मशीनवर अडकवणारा किसनच होता.

दुसऱ्या दिवशी तो दहा मिनिटं आधीच हजर.

“निघ भावा,” तो म्हणाला, “आणि आजोबांनाही सोड आता.”