‘ब’चा निकाल मी खोटा दिला

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईशी दर रविवारी फोनवर बोलतो, तिला सांगितलेली नाही. ज्या तिघांना ती कळायला हवी होती, त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय, आणि तेही लिहून — बोलायला गेलो की शब्दाच्या आधी माझा आवाजच घाबरतो.

कुठून सुरू करू?

मी भंडाऱ्याकडचा. नववी पास. दहावीला बसलोच नाही. कोणी विचारलं की ‘परिस्थिती’ म्हणतो आणि लोक पुढे विचारत नाहीत. खरं म्हणजे परिस्थिती तशी काही नव्हती. गणिताच्या पेपरची भीती होती. पेपर यायला चार महिने होते, आणि मी एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं पुण्याला मार्केट यार्डात हमालीला आलो. सोळाव्या वर्षी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला कळेल की पुढे जे झालं ते माझ्याकडून पहिल्यांदा झालं नव्हतं. घाबरून पळायची मला सवय होती. फक्त या वेळी मी जागेवर उभं राहून पळालो.

मार्केट यार्डात मला आनंददादा भेटले. ते जुनी गोणपाटं विकत घ्यायला आले होते. नारायण पेठेतल्या त्यांच्या घराच्या तळमजल्यावर त्यांना बँडच्या सरावासाठी खोली करायची होती — जॅम रूम म्हणतात तिला — आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गोणपाट ठोकायचं होतं. मी गठ्ठे पोचवायला गेलो, मग ठोकायला थांबलो, आणि मग राहिलोच. मागच्या बाजूला मला झोपायला जागा दिली. दादांच्या आईनं, काकूंनी, पहिल्या दिवशी ताट वाढलं ते आजतागायत वाढतात. शेजारचे एक आजोबा रोज खिडकीतून म्हणायचे, “वाजवा आपण. आम्ही बहिरे होईपर्यंत थोडी कळ काढतो.” मी तेव्हा पहिल्यांदा पुण्यात हसलो असेन.

या घरानं मला माणसात आणलं. केबल गुंडाळण्यापासून आवाजाच्या मिक्सरवर बसण्यापर्यंत सगळं दादांनी शिकवलं. कधी आवाज चढवला नाही. तरी मला त्या घराची भीती वाटते — कसली, ते सांगता येत नाही. ज्यानं उचलून घेतलं तो खाली ठेवूही शकतो, अशी काहीतरी. असं त्यांच्या मनातही नसेल. माझ्या मनात रोज असतं.

बँडचं नाव ‘बंद फाटक’. दादा गायचे आणि गिटार वाजवायचे. रेणुकाताई दुसरी गिटार. ड्रमवर शेखरसाहेब — बँकेत नोकरीला, म्हणून मी साहेब म्हणायचो. बेस गिटारवाला मुलगा येत-जात असे, शेवटी तो बंगळूरला गेला. असलं दणादण संगीत मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पहिले काही दिवस छातीत धडधडायचं. पण एकदा मी भीत भीत म्हणालो, गाण्यात मधूनच घूं येतं ते शेजारच्या पाण्याच्या मोटरचं आहे, मोटर लागली की येतं. त्यांनी तपासलं. तसंच निघालं. शेखरसाहेब म्हणाले, “आमच्यात मिळून चार पदव्या, आणि ऐकू येतं ते नववी पासला. योग्यच आहे.”

तेव्हापासून रीत पडली. गाणं वाजवून झालं की तिघं माझ्याकडे बघायचे. “बसलं का देवा?” देवा म्हणजे मी. मी म्हणायचो, “बसलं जी,” नाहीतर, “नाई बसलं जी.” कारण कोणी विचारायचं नाही, वादही घालायचा नाही. नाही बसलं म्हटलं की परत. नऊ वर्षं असं चाललं. ताई कॉलेजच्या पोरांना माझी ओळख करून द्यायच्या — “हा कुणाचं ऐकून बोलत नाही, पुस्तकात वाचून बोलत नाही. जे कानाला वाटतं ते बोलतो. खोटं बोलताच येत नाही याला.”

मला खोटं बोलता येत नाही — हे त्या इतक्या खात्रीनं म्हणायच्या की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग बँड फुटला. मोठं भांडण झालं असं नाही. दादांना जुन्या वळणाची, लोकांना तोंडपाठ होतील अशी गाणी हवी होती. ताईंना दुसरं काहीतरी हवं होतं, ते त्यांना नीट सांगताही येत नव्हतं. सराव कमी झाला, मग बंद पडला. दोघंही आपापल्या चाली करायला लागले. शेखरसाहेबांना दोघांपैकी एकाबरोबर जायचं होतं आणि दोघांचं मन मोडायचं नव्हतं. त्यांनी तोड काढली. दोघांनी चार-चार चाली करायच्या. दोन्हींवर ड्रम तेच वाजवणार. गिटार एकच वापरायची, जॅम रूममधली. गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा, नुसती चाल ठेवायची. आणि नावं न सांगता मला ऐकवायचं. ज्याचं बसेल त्याच्याकडे बँडचं नाव आणि जुनी गाणी.

दादा म्हणाले, “देवा सांगेल ते मान्य.”

ताई जे म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्या हिंजवडीत कंपनीत होत्या. सकाळी सातला कंपनीची बस, येताना वाकडला दीड तास अडकायचं, घरी सासूबाई आजारी, आणि त्यातून गिटार. त्या म्हणाल्या, “बसलं तर मी नोकरी अर्धवेळ करता येते का बघते. नाही बसलं तर थांबते. एकदाचं नक्की कळू दे.”

म्हणजे मला माहीत होतं. काय पणाला लागलंय हे मला अगदी पूर्ण माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

शनिवारी दुपारी बसलो. तिघं बाहेरच्या खोलीत, मध्ये काचेची खिडकी, आत मी हेडफोन लावून. लॅपटॉपवर दोनच खुणा — अ आणि ब. शेखरसाहेब म्हणाले, “नाव नाही, आवाज नाही. ड्रम वाईट वाटला तर दोन्हीकडे सारखाच वाईट आहे, काळजी नको.” बाहेर जाताना दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते रोजच ठेवायचे. त्या दिवशी मला तो जड वाटला. जड होता का? नव्हता. मीच तो जड करून घेतला.

‘अ’ ऐकलं. छान होतं. स्वच्छ. पण आधी कुठेतरी ऐकल्यासारखं, चारही चाली एकाच घरातल्या बहिणींसारख्या.

मग ‘ब’ लावलं, आणि चाल सुरू होण्याच्या आधीच मला कळलं.

ताई वाजवायला सुरुवात करण्याआधी उजव्या हाताचा तळवा सगळ्या तारांवर टेकवतात, तारा गप्प करायला. त्याचा एक बारीक आवाज येतो — मुठीतून वाळू सांडावी तसा. दादा तसं करत नाहीत. रेकॉर्डिंग झालं की सुरुवातीचा तो तुकडा कापून टाकायचं काम नऊ वर्षं माझ्याकडे होतं. शेखरसाहेबांनी नावं पुसली, आवाज काढले, सगळी काळजी घेतली. पण तिथे कापायला काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. कसं असणार? त्यांच्यापर्यंत गाणं पोचायचं तेव्हा मी ते कापलेलं असायचं.

मी तेव्हाच हेडफोन काढून सांगायला हवं होतं — साहेब, मला कळलं कोणाचं आहे, हे आता चालणार नाही. एवढंच. तिघं हसले असते, दुसरी काहीतरी तोड काढली असती. मी का नाही सांगितलं? आजही विचारतो स्वतःला. ऐकत राहिलो.

पहिली चाल चांगली होती. दुसरी त्याहून. तिसरीचा ठेका माझ्या ओळखीचा होता. आमच्या गावच्या भातगिरणीचा पट्टा सैल झाला की एक विचित्र ठेका धरायचा — एक फटका, मग मोठी गप्प जागा, मग लागोपाठ दोन. एकदा केबल गुंडाळताना मी ताईंना ते सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “परत करून दाखव.” मी मांडीवर वाजवून दाखवलं, आणि विसरूनही गेलो. त्यांनी ते ठेवलं होतं. त्या ठेक्यावर अख्खी चाल उभी होती, आणि त्या गप्प जागेत गिटारचा एकच सूर असा लांबत जायचा की मला आमचं अंगण दिसलं, भाताचा कोंडा उडताना दिसला. माझ्या गावाबद्दल कोणी असं काही करेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. डोळे भरले. आणि त्याच क्षणी काचेतून दादा माझ्याकडे बघताहेत हे दिसलं, आणि मी खाली वाकून केबल नीट केल्यासारखं केलं.

चौथी चाल मी ऐकलीच नाही. म्हणजे कानावर पडली. मी हिशेब करत होतो — ‘ब’ म्हटलं तर बँड ताईंचा. मग ही खोली कशाला? खोली नाही तर मी कशाला? परत मार्केट यार्ड? की गावाला, जिथे मी काहीतरी मोठा साउंडवाला झालोय असं आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय? दादांनी मला कधी काढलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी घाबरलो.

बाहेर आलो. म्हणालो, “अ बसलं जी.”

शेखरसाहेबांनी भुवया उचलल्या. नऊ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. “कारण?”

इथे मी गप्प राहू शकलो असतो. रीतच तशी होती. पण खोटं बोलणाऱ्याला गप्प राहवत नाही, नाही का? मी म्हणालो, “ब मध्ये जीव नाई जी. जोडल्यावानी वाटते.”

ताईंनी फक्त एवढं विचारलं, “तिसरी चालपण?”

त्यांना आशा होती. मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होती. आणि मी म्हणालो, “तिसरी तर अजिबातच नाई.”

चौथीबद्दल विचारलं असतं तर मी कदाचित काहीतरी बरं बोललो असतो. तिसरी सोडून मला काहीच मारायचं नव्हतं. ती जिवंत राहिली असती तर मी रोज तिच्यासमोर उभा असतो — म्हणून तिलाच आधी.

“बरं,” ताई म्हणाल्या. दादा त्यांना काहीतरी समजावायला गेले, तर म्हणाल्या, “अरे, देवानं सांगितलंय. आनंद, तू वाईट कशाला वाटून घेतोस?” त्यांनी त्यांच्या चार चाली लॅपटॉपवरून स्वतः काढून टाकल्या, माझ्यासमोर. घरीही ठेवल्या नाहीत, असं नंतर साहेब म्हणाले.

याला तीन वर्षं झाली. बंद फाटकची नवीन गाणी आली. कार्यक्रम होतात, पोरं जुनी गाणी मागतात, नवीन सुरू झाली की मोबाइल काढतात. दादा मला विचारतात, “बसतंय ना रे?” मी म्हणतो, “बसतंय जी.” दुसरं काय म्हणणार? एक निकाल खोटा दिला की पुढचे खरे कसे द्यायचे? दादांना वाटतं ते बरोबर वाटेवर आहेत, कारण त्यांनाही वाटतं की मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे मी दोघांनाही बुडवलं. ज्यांच्या भीतीनं बोललो त्यांनाही.

मागच्या महिन्यात ताई आल्या. त्यांचा एक अँप — गिटारचा आवाज मोठा करायचा डबा — इथे पडून होता. आता हिंजवडीतच राहायला जाताहेत, ऑफिसजवळ, म्हणून न्यायला आल्या. दादा घरी नव्हते. तासभर बसल्या. माझ्या आईची चौकशी केली, काकूंच्या गुडघ्यांची केली. त्यांची बोटं बघितली मी. तारांमुळे टोकांना घट्टे असतात, ते गेले होते. मऊ झाली होती बोटं.

मग आपणहून म्हणाल्या, “देवा, तुझे आभार मानायचे राहूनच गेले. त्या दिवशी तू ‘तिसरी ठीक आहे’ एवढं जरी म्हणाला असतास ना, तर मी अजून पाच-सहा वर्षं घासत बसले असते. घरच्यांना त्रास, मला त्रास. खरं बोलणारं माणूस मिळत नाही रे.”

तेव्हा समोर बसल्या होत्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पाठीमागे कोणी उभं नव्हतं, खांद्यावर कोणाचा हात नव्हता. काढून टाकलेल्या चाली त्यांच्या डोक्यात अजून असतील, अजून वाजवता आल्या असत्या. माझ्याकडे अख्खा तास होता.

मी विचारलं, “चहा करू का जी?”

अँप मी उचलला, गाडीच्या डिकीत ठेवला. विकणार का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या ऑफिसातल्या एका बाईंच्या मुलीला देताहेत, ती शिकतेय. जाळी सैल आहे, सांभाळून न्या म्हणालो. गाडी गल्लीच्या तोंडाशी स्कूटरमागे अडकली, दोन-तीन मिनिटं तिथेच उभी होती. मी दारात होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

नाही मारली.

रेणुकाताईंच्या चाली चांगल्या होत्या. मला त्या ऐकताक्षणी कळलं होतं, कोणाच्या आहेत तेही कळलं होतं, आणि मी त्या वाईट आहेत असं सांगितलं. त्या आता वाजवत नाहीत.