अक्काचा तांबडा चहा

अक्का गेली त्या सकाळी मी साताऱ्यात गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. सांगलीहून तिच्या शेजारच्या कुसुमवहिनींचा फोन आला. "अण्णा, तुमी निघा. अक्का दार उघडत न्हाईत," एवढंच त्या बोलल्या, पण दार उघडून झालेलं आहे हे मला आवाजावरूनच कळलं... पोचलो तेव्हा ती दिवाणावर एका कुशीवर निजल्यासारखी होती, तोंड दाराकडं करून. आता काही आठवडे झालेत. तिच्याविषयी लिहावं असं रोज वाटतं आणि रोज अडतो, कारण अक्काचं सांगायचं तर अभयचं सांगावं लागतं.

अक्का माझी थोरली बहीण. भाऊजी लवकर गेले. एकुलता एक अभय शिकून मालवाहू बोटीवर इंजिनियर झाला. एका सुट्टीत त्यानं चीनमधल्या कुठल्याशा बंदरातून चहाचा डबा आणला. मी तेव्हा सांगलीतच होतो. झाकण निघालं तशी खोली धुरानं भरल्यागत वासानं भरली. अक्का म्हणाली, "आरं, ह्यो चहा हाय का चुलीतला कोळसा?" तो हसला. पाईनच्या लाकडाच्या धुरावर ही पानं वाळवतात, म्हणाला. त्यानं किटली गरम पाण्यानं विसळली, चिमूटभर पानं टाकली, उकळी बसल्यावर पाणी ओतलं आणि ते पहिलं पाणी सरळ मोरीत ओतून दिलं. अक्का हळहळली. दुसरं पाणी थोडंसं मुरू देऊन त्यानं कपात ओतलं. दूध नाही, साखर नाही. रंग मात्र मधासारखा तांबूस. "तिकडं ह्याला तांबडा चहा म्हणतात, आई. आपण पान बघून काळा म्हणतो, ते पाणी बघून तांबडा." मग म्हणाला, "घोट लगेच गिळू नको. जिभेवर धर." अक्कानं डोळे मिटून धरला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मागनं गोड लागतंय खरं... काकवीवानी." त्याच पानांवर त्यानं पुन्हा पाणी ओतलं, मग पुन्हा. प्रत्येक कपाची चव निराळी. मी विचारलं, पानं संपली हे कळायचं कसं? तो म्हणाला, "पिणाऱ्यानं ठरवायचं, मामा."

त्याच्या पुढच्या फेरीत अभय बोटीवरून नाहीसा झाला. सकाळी कामावर आला नाही, शोधलं, सापडला नाही; एवढंच आम्हाला फोनवर सांगण्यात आलं. समुद्र धुंडाळला म्हणे. देह मिळाला नाही. मी सुतकाचा विषय काढला तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली, "कुणी बघितलंय का, बाळू? मग मी कशाला पाळू?"

आमच्या जैन घरात दिवस मावळल्यावर काही खात-पीत नाहीत. त्याच्या आत, उन्हं कलताना, अक्का तो चहा करू लागली. पानं मुरायला ठेवून मनात एक नवकार म्हणायची आणि ओतायची. मी तिला साताऱ्याला आणलं, तर दुसऱ्या दिवशीच पिशवी भरून बसली. "हितलं पाणी गोड हाय, पण त्यात चहा उतरत न्हाई," म्हणाली. मला वाटलं, बहाणा असेल. बसस्टँडवर मात्र ती हळूच म्हणाली, "घोट जिभेवर असतो ना, तवा त्यो बोलतोय. हितं कायच ऐकू आलं न्हाई."

शेवटचा गेलो तो दिवाळीनंतर. डबा रिकामा होता. उरलेल्या चिमटीभर पानांवर ती रोज पाणी ओतायची आणि पानं मलमलीवर पसरून वाळवायची. किती दिवस चाललं होतं कोण जाणे, पानांचा नुसता पाचोळा उरला होता. तिनं माझ्या हातात कप दिला. आत स्वच्छ पाणी, तळ दिसत होता. अक्कानं घोट घेतला, डोळे मिटले. "आज चांगला उतरलाय," म्हणाली. तिचं मन राखायला मीही घोट घेतला आणि जिभेवर धरला... धूर होता. दाट, ओल्या लाकडाचा धूर, आणि मागून काकवीची गोडी. मी कप खाली ठेवला. अक्का माझ्याकडं बघत होती. "ऐकलास?" तिनं विचारलं. मी काही ऐकलं नव्हतं. तसं सांगितलं, तर तिनं मान हलवली आणि माझा कप स्वतःच पिऊन संपवला.

तिच्या घरातून मी फक्त एक करडी शाल आणली. बायकोनं ती रिठ्यानं धुतली, उन्हात घातली, कपाटात ठेवली. त्या चहाची चव हिनं कधीच घेतलेली नाही. तरी पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवं, कुठं लाकूड जळतंय का बघा." मी गच्चीपर्यंत जाऊन आलो. पुन्हा धुतली शाल. वास उन्हं कलताना येतो, दिवस मावळला की जातो. परवा हिनं शालीची घडी नीट केली, आत ठेवली आणि कपाटाचं दार किलकिलं सोडलं. मी लावायला उठलो, तर म्हणाली, "राहू द्या. आत कोंडल्यागत व्हतंय."

कुणाला, ते मी विचारलं नाही.