क्लॉकची वेगळी तार

प्रमोदिनीबाई लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. चाचणीत प्रश्न आला : बिट, म्हणजे शून्य की एक, कधी वाचायचा हे सांगणाऱ्या क्लॉकला दोन चिपांच्या मध्ये डेटापेक्षा वेगळी तार लागतेच का? निलंग्याच्या कहकशांनं ‘नाही’ लिहिलं. उत्तरतालिकेत ‘हो’ छापलेलं. एका गुणानं साठजण पुढं सरकले आणि पोरगी ‘अ’ तुकडीतून ‘ब’मध्ये, मागच्या शेडच्या पत्र्याखाली गेली.

बाई तणतणत संचालक मार्तंड सरांकडे गेल्या. “सर, प्रत्येक बिटाच्या मधोमध सिग्नल उलटवला की क्लॉकचा ठोका डेटातूनच कळतो. दोन तारा टाकल्या तर वेग वाढल्यावर ठोका आणि डेटा मागंपुढं पोचतात. पोरीचं बरोबर आहे!”

“असंल की मॅडम. पण ती तालिका आठशे पोरांनी पाठ करून टाकली. आता चूक म्हणून कसं सांगायचं?”

“मग हिनं समजून घेतलं ते चुकलं?”

“समजून घ्यायला कॉलेज हाय ना. इथं रँक काढतो आपण.”

बाईंनी ‘अ’ तुकडीचं हजेरीपुस्तक त्यांच्या टेबलावर आपटलं आणि सरळ पत्र्याखाली गेल्या. फळ्यावर तोच प्रश्न लिहून त्यांनी खडू कहकशांच्या हातात दिला. “सांग यांना, बाई. मी बसते खाली.”